भाच्याची पासिंग आउट परेड: खडकवासल्यातले चार दिवस

दिवस पहिला

नोव्हेंबरच्या शेवटी भाच्याची एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पासिंग आउट परेड (शिक्षण पूर्ण झाल्यावरची निरोपाची) होती म्हणून आम्ही घरचे चौघं अकोल्याहून निघालो, दादा, वहिनी, आई आणि मी. महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रभर प्रवास, पहाटे पुणे स्टेशन, तिथून रिक्षाने वारज्याला, तिकडे एनडीए रोडला लागून एक लॉज आधीच बुक केलं होतं.

तीन वर्षं पोरगा तिथे होता पण तो दिवसभर नेमकं काय करतो हे मला कोणी विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. सुट्टीत आला की आधी दोन दिवस झोपायचा, मग खायचा, आणि काही विचारलं की "ठीक आहे आत्या, चालू आहे" एवढंच. मी झेडपीच्या शाळेत चौथीला शिकवते, वर्गातली पोरं विचारतात मॅडम तिथे काय शिकवतात, रोज बंदूक चालवतात का, आणि मी आपली काहीतरी सांगून वेळ मारून नेते. यावेळी ठरवलंच होतं की सगळं नीट विचारून यायचं, वहीत लिहून आणायचं.

निवडीचं तेवढं मला तोंडपाठ आहे कारण ते घरातच घडलं. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, लेखी ९०० मार्कांची, त्यात गणित ३०० आणि जनरल अ‍ॅबिलिटी ६००, मग एसएसबीचा, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाचा पाच दिवसांचा इंटरव्ह्यू तोही ९०० चा, आणि शेवटी मेडिकल. पहिल्या वेळी आमचा छोटू (घरात अजूनही छोटूच म्हणतात) एसएसबीतून परत आला होता. तेव्हा त्याच्याबद्दल तिथे काय वाटलं असेल याचा मी खूप विचार केला होता. एकुलता एक पोरगा, स्वतःची खोली, स्वतःचं कपाट, स्वतःच्या ताटातला घास कोणाला न देणारा. हुशार होता, पण एकटा एकटा असायचा. हे लिहून ठेवतेय कारण पुढे त्याचा संबंध आहे.

लॉजवर आम्ही सगळे प्रवासाने आडवे झालो, आई मात्र टॉवेल वाळत घालून, सगळ्यांच्या बॅगा भिंतीला लावून खुर्चीत बसली होती. शहात्तर वय आहे तिचं आणि जन्मभर पहाटे पाचच्या आत उठते, नळाला पाणी येवो न येवो.

दिवस दुसरा

आज कॉन्व्होकेशन, म्हणजे पदवीदान होतं. गेटवर पास आणि आधार कार्ड बघून आत सोडलं आणि मग गाडी जातच राहिली जातच राहिली, रस्ता संपेना, दोन्ही बाजूंनी झाडं, मैदानं, मध्येच खडकवासल्याचं पाणी चमकतंय. सात हजार एकरांच्या वर जागा आहे ही. आणि मागे सिंहगड. मी दरवर्षी चौथीच्या पोरांना तानाजी शिकवते, पण सिंहगड इतका जवळ, इतका खिडकीतून दिसावा तसा असेल असं वाटलं नव्हतं.

छोटू भेटायला आला तो एकटा नाही, सोबत त्याचा कोर्समेट, म्हणजे त्याच्याच बॅचचा मित्र. मणिपूरचा मुलगा, बुटका, गोल चेहऱ्याचा, आईच्या पाया पडला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला "आजी, प्रवास कसा झाला?" आम्ही सगळे बघतच राहिलो. छोटूने शिकवलं म्हणे, आणि छोटूला आता थोडं मणिपुरी येतं. त्याच्या घरचे येऊ शकले नव्हते, वडिलांची तब्येत बरी नव्हती, म्हणून छोटूने परस्पर ठरवून टाकलं होतं की त्याचं कुटुंब म्हणजे आम्हीच.

कॉन्व्होकेशनमध्ये डिग्री मिळते, जेएनयूची. हे खूप जणांना माहीत नसतं, त्यांना वाटतं तिथे फक्त परेड आणि पळणं. तीन वर्षं रीतसर कॉलेज असतं, बीए, बीएस्सी, कॉम्प्युटर सायन्स, आणि बीटेकवाल्यांचं शेवटचं वर्ष पुढच्या अकादमीत पूर्ण होतं. वर एक परदेशी भाषा पण शिकतात. टाळ्या वाजवताना सगळ्यात जास्त आवाज मुलींच्या वेळी झाला. मुलींना ही परीक्षा देता यावी असा सुप्रीम कोर्टाचा आदेश २०२१ ला आला, २०२२ ला पहिल्या मुली आत आल्या आणि मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी पहिल्यांदा परेड करून बाहेर पडल्या. माझ्या वर्गातल्या दोन मुली डोळ्यासमोर होत्या, त्यांची नावं मी वहीत त्या पानावर लिहून ठेवलीत.

मग सुदान ब्लॉक. फोटोत दिसतो तो घुमटवाला. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत आपले सैनिक सुदानसाठी लढले, त्यांच्या स्मारकासाठी सुदानने एक लाख पौंड दिले होते, फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ७० हजार आले आणि ते या इमारतीला लागले. १९४९ ला नेहरूंनी एनडीएची पायाभरणी केली, मुलं आधी डेहराडूनला होती आणि १९५४-५५ च्या सुमारास खडकवासल्याला आली. दादाला हे सगळं खूप आवडतं, तो प्रत्येक पाटी वाचत चालला होता, आणि वहिनीचं लक्ष फक्त पोराच्या मानेकडे, किती काळवंडलाय म्हणून.

दुपारी झाडाखाली बसलो तेव्हा मी वही काढली आणि म्हटलं, आता सांग, अगदी उठल्यापासून. दोघंही हसायला लागले आणि मग जे सुरू झाले ते थांबेचनात.

पहाटे साडेचार-पाचला उठायचं, चहा-बिस्कीट, फॉलइन म्हणजे रांगेत हजेरी, मग ड्रिल किंवा पीटी, मग धावत येऊन आंघोळ, कपडे बदलून नाश्ता, मग दुपारपर्यंत क्लास, जेवण, थोडा आराम, मग खेळ, परत आंघोळ, संध्याकाळी सक्तीचा अभ्यास, जेवण, दहाला लाइट बंद. ऐकायला आपल्या कोणत्याही वसतिशाळेसारखंच वाटतं ना, मलाही तसंच वाटलं. पण यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या कपड्यात. ड्रिलचा ड्रेस वेगळा, पीटीचा वेगळा, क्लासचा वेगळा, खेळाचा वेगळा, रात्रीच्या जेवणाचा वेगळा, आणि मध्ये बदलायला मिनिटं किती तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यात चुकलं की पट्टी परेड, म्हणजे सिनियर सांगेल त्या ड्रेसमध्ये दोन-तीन मिनिटांत बदलून ये, मग दुसरा, मग तिसरा, असं चालूच. छोटूला घरी शर्ट घालायला अर्धा तास लागायचा हो. वहिनी बाथरूमच्या दारावर थापा मारायची.

आणि क्लासला जायचं सायकलने, पण एकट्याने नाही. सायकलींचा स्क्वॉड म्हणजे गट करून, रांगेत, एका वेगाने. मणिपूरचा पोरगा म्हणाला, "आजी, इथे एकटं कुठेच पोचता येत नाही. मी वेळेवर पोचलो आणि हा उशिरा आला तर मी पण उशिरा." शिक्षा सगळ्यांना एकत्र. एकदा या मणिपूरच्या पोराच्या सायकलची चेन तुटली तर पूर्ण स्क्वॉडने सायकली डोक्यावर घेतल्या आणि पळत गेले. मी विचारलं मग त्याच्यावर कोणी चिडलं नाही का. छोटू म्हणाला पहिल्या टर्मला (टर्म म्हणजे सहा महिने) चिडायचो, रात्री झोपताना याला मनात शिव्या द्यायचो, मग दुसऱ्या टर्मपासून आदल्या रात्री सगळे मिळून सगळ्यांच्या चेन बघायला लागलो.

हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पहिली टर्म सगळ्यात जड असते. ड्रिल स्क्वेअर टेस्ट पास होईपर्यंत रविवारची लिबर्टी नाही, म्हणजे बाहेर पुण्यात जायला मिळत नाही. आपला हात किती वर जातो, सलाम करताना बोटं कशी, टाच कुठे पडते, हे सगळं उस्ताद बघतात. उस्ताद म्हणजे शिकवणारे जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि हवालदार, त्यांच्याबद्दल बोलताना या पोरांचा आवाजच बदलतो. मोठ्या ऑफिसरांची नावं कमी आली, उस्तादांचे किस्से जास्त. संध्याकाळी घोडेस्वारी आणि पीटीचे डिस्प्ले झाले, छान होते, पण खरं सांगते माझं मन त्या सायकलींपाशीच अडकलं होतं.

परतताना हट ऑफ रिमेंबरन्सपाशी थांबलो. इथून शिकून गेलेले आणि देशासाठी गेलेले त्यांची नावं आहेत तिथे. परमवीर चक्र मिळालेले तिघं इथले, १९६१ ला काँगोत गेलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया, १९७१ च्या लढाईतले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आणि कारगिलचे कॅप्टन मनोजकुमार पांडे. खेत्रपाल एकवीस वर्षांचे होते. छोटू आज एकवीसचा आहे. वहिनीने ते मनातल्या मनात मोजलं हे मला कळलं, ती काही बोलली नाही, फक्त त्याचा हात धरला, आणि त्यानेही लाजून सोडवून घेतला नाही.

दिवस तिसरा

परेड सकाळी असते आणि पाहुण्यांना फार लवकर जागेवर बसावं लागतं, त्यामुळे लॉजवर पहाटे चारला धावपळ. चार मोबाइलचे चार अलार्म लावले होते, पण ते वाजायच्या आधी आई आंघोळ करून नऊवारी नेसून तयार, केसात फूल, पर्समध्ये कुंकवाची डबी.

मैदानाचं नाव खेत्रपाल परेड ग्राउंड. थंडी होती, समोर क्वार्टरडेक नावाची वास्तू, मागे सुदान ब्लॉकचा घुमट. आधी लांबून नुसता आवाज आला, बुटांचा. एकच आवाज. हजारभर पावलं आणि ठोका एक, छातीत जाणवतो तो. मग ते दिसले. एकाच ड्रेसमध्ये सगळी एकसारखी, त्यात आपला कोणता हे शोधताना डोळे दुखायला लागले, दादा म्हणे तो तिसरा, वहिनी म्हणे नाही तो पलीकडचा, आणि शेवटपर्यंत आम्हाला खात्रीने कळलंच नाही. तिन्ही बाजूंच्या पालकांचं तेच चाललेलं, कोणी हरियाणवीत, कोणी मल्याळममध्ये, प्रत्येकजण आपापला शोधतोय.

शेवटी अंतिम पग. पास होणारा कोर्स धीम्या चालीने पुढे येतो, बँडवर ती विदाईची धून, बाकीचे कॅडेट मानवंदना देत उभे आणि हे सगळे एकेक पाऊल टाकत क्वार्टरडेकखालून निघून जातात. पाऊल उचललं की हवेत क्षणभर थांबतं, मग पडतं. डोक्यावरून हेलिकॉप्टर आणि विमानं गेली ती मी बघितलीच नाहीत. आई उभी राहिली होती, तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि हात जोडलेले.

नातेवाइकांचे फोन सुरू झाले, लेफ्टनंट झाला का, लेफ्टनंट झाला का. तर नाही, हे इथे स्पष्ट लिहिते कारण सगळ्यांचा तोच गैरसमज असतो. एनडीएची तीन वर्षं म्हणजे सहा टर्म, त्यानंतर आर्मीवाले एक वर्ष डेहराडूनच्या आयएमएला (इंडियन मिलिटरी अकादमी) जातात, नेव्हीवाले केरळात एळिमलाला, एअरफोर्सवाले हैदराबादजवळ डुंडिगलला, आणि खांद्यावर तारे त्या नंतर. पुढच्या अकादमीत महिन्याला ५६,१०० रुपये स्टायपेंड मिळतो, एनडीएत मात्र पगार नसतो, खर्च सरकारचा आणि खिशातले थोडे पैसे घरून. छोटू डेहराडूनला, मणिपूरचा नेव्हीत.

परेडनंतर स्क्वॉड्रनला, म्हणजे कॅडेटांच्या राहायच्या जागी गेलो, छोटूची केबिन बघायला. खोलीला केबिन म्हणतात. एक पलंग, एक टेबल, कपाट, बस. पलंगावरची चादर अशी ताणलेली की त्यावर पट्टी ठेवून रेघ मारावी. कपाटात घड्या एका मापाच्या. घरी याच्या कपाटाचं दार उघडलं की कपडे अंगावर पडायचे.

टेबलाखाली परेडचे बूट होते. मी वाकून बघितलं तर टोकात माझा चेहरा, खिडकी आणि मागे उभी वहिनी, सगळं दिसत होतं. कसं केलंस विचारलं तर मणिपूरचा पोरगा खाली मांडी घालून बसला आणि त्याने दाखवलंच. मऊ कापड दोन बोटांना घट्ट गुंडाळायचं, पॉलिश नखावर मावेल एवढंच, झाकणात थोडं पाणी, त्यात बोट टेकवायचं आणि बुटाच्या टोकावर रुपयाएवढे गोल गोल फिरवत राहायचं, दाबायचं नाही. आधी धुरकट होतं. मग परत पाण्याचा एक थेंब, परत गोल. धुरकटपणा जातो, परत येतो, परत जातो. अर्ध्या तासाने कुठे चमक धरायला लागते आणि मग तासन् तास तेच. जोरात घासलं तर आधीचे थर पण उखडतात, परत शून्यापासून. तो बोलताना बोट फिरवतच होता आणि मी त्याच्या बोटाकडे बघत होते, नखात काळं कायमचं बसलेलं.

मग कळलं की हे बूट त्याने चमकवलेले. आदल्या रात्री छोटू आमच्यामागे होता, पासेस, आईसाठी खुर्ची, गाडी, हेच बघत होता, आणि मणिपूरच्या पोराने स्वतःचे करून झाल्यावर रात्री छोटूचे घेतले. छोटूला सकाळी दिसलं. दोघांपैकी कोणीही थँक्यू वगैरे म्हणाल्याचं मला सांगितलं नाही.

आईने डबी काढून दोघांना कुंकू लावलं, आधी त्याला, मग नातवाला.

दिवस चौथा

छोटूच म्हणाला सिंहगडावर जाऊ. आई आणि दादा-वहिनी जीपने वर गेले, मी या दोघांबरोबर पायवाटेने, आणि मला धाप लागली तशी ते थांबायचे, पण थांबले की उभ्या उभ्या गप्पा. इथे ते शिक्षा म्हणून यायचे. रविवारी सकाळी सिंहगड हाइक, पाठीवर सामान घेऊन वर जाऊन ठरलेल्या वेळेत परत. पुण्याची माणसं रविवारी हौसेने चढत असतात आणि त्यांच्यामधून ही पोरं पळत जाणार. छोटू म्हणाला एक आजोबा दरवेळी भेटायचे, ते म्हणायचे "चला चला, तानाजी रात्री चढला होता, तुम्हाला तर उजेड आहे!"

पाचव्या टर्मला कॅम्प तोरणा असतो, डोंगरातला सराव. दुसऱ्या टर्मला ग्रीनहॉर्न नावाचा कॅम्प, चौथ्या टर्मला रोव्हर्स आणि मग तोरणा. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, कारण चौथीच्या पुस्तकात शिवरायांनी घेतलेला पहिला किल्ला तोरणाच, स्वराज्याचं तोरण बांधलं म्हणून मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढते, आणि आपल्या सैन्याचे अधिकारी त्याच डोंगरात शिकून तयार होतात. रात्री नकाशा आणि होकायंत्रावर चालणं, खंदक खणणं, झोप नाही, आणि जोश रन, रायफल आणि पाठीवर वजन घेऊन स्क्वॉड्रन एकत्र पळतो. तिथेही एकट्याच्या वेगाला किंमत नाही, वेळ टीमची. दोघं मिळून तिसऱ्याची रायफल धरतात, कोणी मागून ढकलतं. आमचा छोटू ढकलणाऱ्यांत होता की ढकलला जाणाऱ्यांत, विचारलं. "दोन्ही. सुरुवातीला ढकललो गेलो."

वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. दोघांची ताटं सहा-सात मिनिटांत रिकामी आणि मग आम्ही जेवतोय तोवर दोघंही पाठ सरळ ठेवून शांत बसलेले. मेसमध्ये दोन हजारांवर मुलं एका छताखाली एकाच वेळी जेवतात, तिथे रेंगाळून चालत नाही. छोटूने माझ्या ताटातली भजी उचलली, अर्धी मोडून मित्राला दिली. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे.

कड्यावरून खाली सगळं दिसतं, धरणाचं पाणी, झाडीत लपलेला घुमट. तिथे वहिनीने शेवटी विचारलं, इतके दिवस पोटात धरलेलं, की एवढ्या सगळ्यात कोणाला लागलं, हात-पाय मोडला, तर? छोटूने सरळ सांगितलं. बरं झालं तर एक टर्म मागे पडतो, आणि कायमचं अपंगत्व आलं तर बाहेर पडावं लागतं. अशा मुलांना अधिकारी म्हणून कमिशन मिळालेलं नसतं, त्यामुळे माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वतःहून याची दखल घेतली आणि त्यानंतर सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतलं. मला वाटतं हे फार आधी व्हायला हवं होतं आणि अजून बरंच व्हायला हवं. अठराव्या वर्षी देशासाठी घर सोडलेल्या पोराला नंतर स्वतःच्या औषधाची काळजी करावी लागू नये, याबाबतीत मी कोणाचं काही ऐकून घेणार नाही.

संध्याकाळी मणिपूरच्या पोराला पुणे स्टेशनवर सोडलं. प्लॅटफॉर्मवर त्याची काळी पत्र्याची ट्रंक, पांढऱ्या रंगात नंबर टाकलेली. दोघांनी दोन बाजूंच्या कड्या धरून ती चढवली, एक-दो-एक न म्हणता पावलं बरोबर पडत होती. आईने त्याला लाडू दिले आणि सांगितलं, वडिलांना आधी दे.

घरी

अकोल्याला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी पाणी प्यायला उठले, पाचला दहा मिनिटं कमी होती. स्वयंपाकघरात लाइट. छोटू अंथरुणाची घडी घालून, दाढी करून ओट्यापाशी उभा, त्याला सुट्टी आहे, डेहराडूनला जायला अजून वेळ आहे, पण झोप उघडतेच म्हणाला. आई पाटावर बसून चहा गाळत होती. माझ्या लहानपणापासून या घरात या वेळेला ती एकटीच जागी असायची.

"आज नळ येईल का गं आजी?" त्याने विचारलं.

"सव्वापाचला. तू मोठी बादली धर, माझ्याच्याने उचलत नाही आता."

दोघं चहा पीत नळाची वाट बघत बसले, आणि मी परत येऊन झोपले.